हँडहेल्ड कन्सोल बनवताय? बॅटरी आणि स्विचच्या वायरिंगमध्ये या चुका टाळा

अॅडॉप्टरवर कन्सोल झकास चालतो. बॅटरीवर टाकला की मेनू येतो, गेम लोड होताना स्क्रीन क्षणभर मंदावते आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू. मग मेमरी कार्ड बदललं जातं, सॉफ्टवेअर नव्याने टाकलं जातं आणि दोष मात्र जागेवरच राहतो. कारण तो बहुतेक वेळा सेल आणि ५ व्होल्टच्या मधल्या चार-सहा इंच वायरमध्ये असतो.

इथे गृहीत धरलेली जुळणी नेहमीची आहे: एक लिथियम सेल, टीपी ४०५६ चं चार्जिंग मॉड्यूल, सेलचं व्होल्टेज वाढवून ५ व्होल्ट देणारं बूस्ट मॉड्यूल, रास्पबेरी पाय झीरोसारखा छोटा संगणक-बोर्ड, छोटी स्क्रीन, स्पीकरचा अॅम्प्लिफायर आणि एक स्लाइड स्विच.

स्विच चुकीच्या जागी

स्विच तीन ठिकाणी बसू शकतो आणि तिन्हीकडे कन्सोल चालू-बंद होतो. म्हणूनच ही चूक लवकर लक्षात येत नाही.

सेल आणि चार्जिंग मॉड्यूलच्या मध्ये बसवला, तर बंद केल्यावर सेल चार्जरपासूनही तुटतो. रात्रभर केबल लावून ठेवली, मॉड्यूलवरचा दिवाही लागलेला, आणि सकाळी बॅटरी होती तेवढीच. बूस्टच्या पुढे, म्हणजे ५ व्होल्टच्या वायरवर बसवला, तर कन्सोल बंद असतानाही बूस्ट मॉड्यूल सेलला जोडलेलं राहतं आणि थोडा थोडा करंट ओढत बसतं. महिनाभर कपाटात पडलेल्या कन्सोलचा सेल पार उतरलेला सापडतो तो यामुळे.

योग्य जागा मधली: चार्जिंग मॉड्यूलचं आउट प्लस आणि बूस्टचं इन प्लस यांच्यामध्ये. स्विच बंद असतानाही चार्जिंग होतं आणि बूस्ट पूर्ण सुटतो. निगेटिव्ह वायर तोडायची गरज नाही, ती सलग जाऊ द्या.

बूस्टच्या इनेबल पिनवर, म्हणजे त्याला चालू-बंद करणाऱ्या पिनवर, स्विच लावायची युक्तीही बरेच जण सुचवतात. ज्या मॉड्यूलमध्ये बंद झाल्यावर आउटपुट खरोखर तुटतं, तिथे ती उत्तम. स्विचमधून नगण्य करंट जातो, त्यामुळे अगदी नाजूक स्विचही चालतो. पण एमटी ३६०८ सारख्या साध्या मॉड्यूलमध्ये इनेबल बंद केलं, तरी कॉइल आणि डायोडमधून सेलचं व्होल्टेज पुढे जातच राहतं. बोर्ड चालू होत नाही, पण पूर्ण बंदही नसतो. अशा मॉड्यूलला मुख्य वायरवरचाच स्विच हवा.

‘मला तर ८०० मिलीअँपिअरच लागतात’

हा हिशोब ५ व्होल्टच्या बाजूचा झाला. स्विच बसतो सेलच्या बाजूला आणि तिथला आकडा वेगळा असतो. ५ व्होल्टला ८०० मिलीअँपिअर म्हणजे ४ वॅट. बूस्टची कार्यक्षमता ८५ टक्के धरली, तर सेलमधून साधारण ४.७ वॅट निघतात. सेल भरलेला असताना, ४.२ व्होल्टला, ते १.१ अँपिअर होतात. सेल ३.३ व्होल्टवर आला की तेच १.४ च्या वर जातात. थोडक्यात, सेल जितका थकतो तितका जास्त करंट त्याच्याकडून ओढला जातो. कन्सोल पहिला तासभर नीट चालून मग अचानक रीस्टार्ट होऊ लागतो, त्यामागे हेच असतं.

आता वायर बघा. बटणांसाठी आणलेली ३० एडब्ल्यूजीची (हे वायरच्या जाडीचं माप, आकडा मोठा तितकी वायर बारीक) केसासारखी वायर हाताशी असते आणि तीच पॉवरलाही वापरली जाते. तिचा रोध मीटरला साधारण ०.३४ ओहम. जायला १५ सेंटीमीटर आणि यायला १५ धरले, तर ०.१ ओहम; १.४ अँपिअरला ०.१४ व्होल्ट तिथेच गळाले. त्यात स्विचचे संपर्क, संरक्षण सर्किट आणि सेलचा अंतर्गत रोध मिळवा. सेलवर ३.३ दिसत असताना बूस्टच्या तोंडाशी जेमतेम ३ पोहोचतात, मग बूस्ट आणखी करंट मागतो आणि व्होल्टेज आणखी पडतं. पॉवरच्या मार्गाला २२ किंवा २४ एडब्ल्यूजीची लवचिक वायर घ्या आणि ती शक्य तितकी आखूड ठेवा.

स्विचचंही तसंच. सर्किट बोर्डवर बसणारे इवलेसे स्लाइड स्विच बऱ्याचदा ०.३ किंवा ०.५ अँपिअरचे असतात. त्यातून दीड अँपिअर घातला तर पहिल्या दिवशी काही होत नाही. नंतर संपर्क काळे पडतात, रोध वाढतो, आणि स्विचवर बोट दाबलं की कन्सोल नीट चालतो, सोडलं की डळमळतो. २ किंवा ३ अँपिअरचा स्विच घ्या, केसला भोक थोडं मोठं पाडावं लागलं तरी.

तीन पायांचा घोळ

स्लाइड स्विचला तीन पाय असतात: मधला सामाईक, कडेचे दोन आलटून-पालटून त्याला जोडले जाणारे. लागतात फक्त दोन, मधला आणि कडेचा कोणताही एक. तिसरा रिकामा. पण रिकामा पाय बघवत नाही म्हणून कोणी तिथे निगेटिव्ह जोडतं, आणि स्विच सरकवल्याबरोबर प्लस-मायनस थेट शॉर्ट. सोल्डर करण्याआधी मल्टीमीटर कंटिन्युइटीवर ठेवून दोन्ही स्थितींत कोणते पाय जुळतात ते पाहून घ्या.

त्याच ओघात कनेक्टरविषयी. सेलच्या वायरींना असणारा जेएसटीचा २ मिलिमीटरचा प्लग एकाच दिशेने बसतो, पण लाल वायर कोणत्या बाजूला असावी याचं बंधन नाही. एका उत्पादकाचा सेल दुसऱ्याच्या बोर्डात बिनदिक्कत बसतो आणि उलटा जोडला जातो. वायरच्या रंगावर जाऊ नका, मीटर लावा. सेलच्या वायरी आखूड करायच्या असतील तर एका वेळी एकच कापा आणि तिला टेप लावल्यावरच दुसरीला हात लावा. दोन्ही एकदम कात्रीत आल्या, तर कात्रीचं पातंच शॉर्ट करतं.

बूस्ट न मोजताच जोडणं

एमटी ३६०८ वर एक पितळी स्क्रू असतो, त्याने आउटपुट २८ व्होल्टपर्यंत जाऊ शकतं. पाकिटातून काढलेलं मॉड्यूल ५ वर असेलच याची खात्री नाही. बोर्ड जोडायच्या आधी नुसता सेल लावून ५.१ व्होल्टवर आणा. बरेच फेरे फिरवूनही आकडा हलत नाही म्हणून मॉड्यूल बिघडलं असं समजू नका. या स्क्रूला बरेच फेरे लागतात आणि हलायला लागला की झपाट्याने हलतो. बसवून झाल्यावर त्यावर नेलपॉलिशचा एक थेंब टाका, हादऱ्याने फिरणार नाही.

चार्जिंगला लावून खेळणं

टीपी ४०५६ ला सेलकडे जाणारा आणि कन्सोलकडे जाणारा करंट वेगळा ओळखता येत नाही. ठरलेल्या करंटच्या दहाव्या भागावर आकडा आला की चार्जिंग पूर्ण, असं त्याचं गणित. १ अँपिअरच्या मॉड्यूलला म्हणजे १०० मिलीअँपिअर. कन्सोल त्याहून जास्त ओढत असल्यामुळे तो क्षण येतच नाही आणि सेल तासन्तास ४.२ व्होल्टवर ताणलेला राहतो. खेळता खेळता चार्ज करायचंच असेल तर लोड शेअरिंग असलेलं, म्हणजे केबल लावल्यावर कन्सोलला थेट केबलमधून वीज देणारं मॉड्यूल घ्या. नाहीतर स्विच बंद करून चार्ज करा, हा उपाय कंटाळवाणा असला तरी बिनखर्ची आहे.

सेल लहान असेल तर चार्जिंगचा करंटही कमी करायला हवा. ५०० मिलीअँपिअर-अवरच्या सेलला १ अँपिअर जास्त होतो. मॉड्यूलवरचा १.२ किलोओहमचा रेझिस्टर काढून तिथे ४ किलोओहमच्या आसपासचा लावला की करंट ३०० मिलीअँपिअरवर येतो. चिप बरीच तापते, तेव्हा तिला सेलला चिकटवू नका.

दोष शोधताना

नुसतं व्होल्टेज मोजून फारसं कळत नाही, कारण लोड, म्हणजे करंट ओढणारं काही, नसताना खराब स्विचही ४ व्होल्ट दाखवतो. कन्सोल चालू ठेवा, जड गेम लावा आणि सेलपासून पुढे सरका: सेलची टोकं, चार्जरचं आउट, स्विचच्या पलीकडची बाजू, बूस्टचं इन, बूस्टचं आउट, बोर्डाची ५ व्होल्टची पिन. ज्या दोन जागांमध्ये आकडा एकदम पडतो, तिथेच दोष. स्विचच्या दोन पायांवर थेट मीटर लावून ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर स्विच बदला. रास्पबेरी पायच्या मोठ्या बोर्डांवर ४.६३ व्होल्टच्या खाली विजेचं चिन्ह येतं. झीरोवर ते येत नाही, त्यामुळे तिथे मीटरला पर्याय नाही.

एक प्रकार हमखास चकवतो. सेलवर ४ व्होल्ट आणि मॉड्यूलच्या आउटवर शून्य. मॉड्यूल जळलं म्हणून फेकू नका. संरक्षण असलेल्या मॉड्यूलवरची डीडब्ल्यू ०१ चिप शॉर्टनंतर, किंवा कधी कधी सेल नव्याने जोडल्यावरही, वाट बंद करून बसते. लोड सोडवा आणि क्षणभर चार्जिंगची केबल लावा, बहुतेक वेळा आउट परत येतं.

थेट स्विच ओढून बंद करणं

गेम सेव्ह होत असताना पॉवर तोडली तर कार्डावरच्या फाइल्स खराब होऊ शकतात. यासाठी वेगळं पुश बटण बोर्डावरची जीपीआयओ ३ ही पिन आणि ग्राउंड (निगेटिव्ह) यांच्यामध्ये जोडा आणि सेटिंगमध्ये शटडाउनची सोय चालू करा. त्याच बटणाने बंद झालेला रास्पबेरी पाय पुन्हा सुरूही होतो. मात्र ही पिन आय-टू-सीची, म्हणजे बोर्ड आणि इतर भागांमधल्या संवादाची, आहे, स्क्रीन किंवा ऑडिओ बोर्ड ती वापरत नाही ना ते बघा. शटडाउन झाल्यावरही बोर्ड थोडा करंट घेतच राहतो, म्हणून स्लाइड स्विच काढून टाकू नका. आधी बटण, हिरवा दिवा विझला की मग स्विच.

केस बंद करण्याआधी स्क्रूची टोकं सेलच्या पाऊचला टेकत नाहीत ना आणि सेलला किंचित फुगायला जागा आहे ना, एवढं तपासा. फुगलेला सेल दाबून बसवू नका आणि टोचूही नका, तो थेट ई-कचऱ्यात द्या.