सेवावर्षाच्या मध्यावरची रिट्रीट कशी आखावी

जूनमध्ये सुरू झालेलं सेवावर्ष नोव्हेंबरअखेर निम्म्यावर येतं. तोवर कॅथलिक चर्चमध्ये वर्षभर सेवा करणाऱ्या इंटर्न मुलामुलींनी धर्मशिक्षणाचे वर्ग, युवा गट, वस्तीतला अभ्यासवर्ग, आजाऱ्यांच्या घरभेटी असं बरंच ओढलेलं असतं, आणि पुढे नाताळ उभा असतो. या टप्प्यावर कामाचा आढावा घेण्याचा मोह आवरा. त्यासाठी धर्मग्रामातली (पॅरिशमधली) बैठक आहे. रिट्रीटमध्ये, म्हणजे प्रार्थनेसाठी काढलेल्या निवांत दिवसांत, थकलेल्या माणसाला आधी झोप, मग शांतता आणि मग ऐकून घेणारं कुणीतरी मिळायला हवं, याच क्रमाने. झोप न झालेल्या मुलांना थेट मौनात बसवलं, तर ती डुलक्या घेतात आणि आपल्याला प्रार्थना जमत नाही असं मनाशी धरून परततात.

आगमनकाळाचा (नाताळाआधीच्या तयारीच्या काळाचा) पहिला रविवार 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबरच्या दरम्यान येतो. त्याआधीच्या पंधरवड्यात रिट्रीट उरका. नंतर कॅरोलचा सराव आणि गोठ्याची तयारी यातून कुणीच सुटत नाही. दिवस सोमवार दुपार ते गुरुवार दुपार. शनिवार-रविवार नकोच: रविवारचे वर्ग हीच मुलं घेतात आणि परतीला रेल्वेचा मेगाब्लॉक आडवा येऊ शकतो.

ठाणेकरांना येऊर जवळचं वाटतं. मात्र तो भाग संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलातला, बिबट्यांचा वावर असलेला; अंधार पडल्यावर फिरणं पूर्ण बंद ठेवावं लागतं. शिवाय इतक्या जवळ असलं की ‘तासाभरासाठी येऊन जा’ असे फोन येतात. म्हणून आम्ही पनवेलच्या पुढची जागा सुचवतो. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने दुपारी तीनच्या आत निघा. ऐरोली, घणसोलीची ऑफिसं सुटली की सामान घेऊन डब्यात शिरणं कठीण.

18 इंटर्न धरले तर सोबतीला 3 जण हवेत: फादर, सिस्टर आणि प्रशिक्षण घेतलेली एक प्रापंचिक व्यक्ती. प्रत्येकाकडे 6 जण, प्रत्येकी 40 मिनिटं, म्हणजे एकूण 4 तास. ते दोन दिवसांत, प्रत्येकाच्या दोन भेटींत विभागा. भेट उघड्या व्हरांड्यात किंवा दार उघडं ठेवून.

ज्यांच्या हाती इंटर्नचा अहवाल आहे, त्यांनी या भेटी घेऊ नयेत. ही अट आम्ही कधीच सैल करत नाही. चर्चच्या कायद्यातलं कलम 985 सेमिनरीच्या (धर्मगुरू घडवणाऱ्या संस्थेच्या) रेक्टरला, म्हणजे प्रमुखाला, एकाच घरात राहणाऱ्या विद्यार्थ्यांचं पापनिवेदन (कन्फेशन) ऐकण्यापासून दूर ठेवतं; विद्यार्थ्याने स्वतःहून मागितलं तरच अपवाद. इंटर्नना हा नियम लागू नसला तरी त्यामागचं शहाणपण तेच: गुण देणाऱ्यासमोर कुणी मन मोकळं करत नाही.

सोमवारी रात्री मुगाची खिचडी, कढी, पापड. साडेनऊला दिवे बंद. मंगळवारी उठण्याची घंटा नाही, नाश्ता नऊपर्यंत. नंतर बायबलमधला 1 राजे 19 हा अध्याय वाचा. खचलेल्या एलीया संदेष्ट्याला देवदूत आधी भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो. डोंगरावरचा प्रवास त्यानंतरचा. मौन टप्प्याटप्प्याने वाढवा: मंगळवारी दुपारी 2 तास, त्या रात्रीपासून बुधवारच्या नाश्त्यापर्यंत, मग बुधवारी दुपारी चारपर्यंत.

फोन हिसकावून घेऊ नका. नाव लिहिलेल्या कापडी पिशवीत जमा करा आणि जेवणानंतर रोज 20 मिनिटं द्या. पालकांकडे आयोजकांचा नंबर आधीच पोहोचलेला असावा. छापील बायबल आणि घड्याळ आणायला सांगा, नाहीतर दोन्ही फोनमध्येच असतात. पिण्याचं पाणी माणशी दिवसाला 3 लिटर धरा. 21 जणांना दिवसाला 20 लिटरचे 4 जार पुरतात. भाताला एका जेवणाचे 2 किलो तांदूळ, वरणाला 1 किलो डाळ. डासांची अगरबत्ती आणि ओआरएस विसरू नका.

बुधवारी सकाळच्या मौनात प्रत्येकाला एक कागद द्या: सात दिवस, प्रत्येकाचे सकाळ-दुपार-संध्याकाळ असे 21 चौकोन. त्यांत नेहमीच्या आठवड्याची कामं लिहायची. कशातून बळ मिळतं तिथे अधिक, कशाने रितं वाटतं तिथे उणे. उणे म्हणजे ते काम वाईट, असं लगेच ठरवू नका. मदतीला कुणी नसल्यानेही माणूस रिता होतो. बायबलमधल्या निर्गम 18 मध्ये मोशेला त्याचा सासरा इथ्रो हेच दाखवून देतो. हाच कागद हातात घेऊन इंटर्न दुसऱ्या भेटीला येतो. मिस्सा संध्याकाळी, तिच्याआधी ऐच्छिक पापनिवेदन.

मौनात जुनं दुःख वर येतं. कुणी रडलं तर गट गोळा करू नका. सोबतीने शेजारी बसावं, पाणी द्यावं. जीव नकोसा झाल्याची भाषा ऐकू आली तर त्या व्यक्तीला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांशी आणि घरच्यांशी बोला. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर सोबत्यांच्या वहीत लिहिलेला असावा. ‘मला सोडायचंय’ असं कुणी म्हणालं, तर येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांचा नियम सांगा: मन उदास असताना आधीचा निर्णय बदलू नये. दोन आठवड्यांनी पुन्हा विचारा. मात्र छळ किंवा गैरवर्तन होत असेल, तर तिथे हा नियम लावायचा नाही. त्या व्यक्तीला लगेच त्या जागेवरून हलवा आणि तक्रार पुढे न्या.

गुरुवारी निघण्याआधी प्रत्येकाने तीन ओळी लिहायच्या: काय चालू ठेवणार, काय थांबवणार, कुणाची मदत मागणार. इंटर्नच्या परवानगीनेच हा कागद धर्मगुरूंकडे जातो. 10 दिवसांच्या आत दोघांची 20 मिनिटांची भेट ठरवा. तारीख केंद्रातून निघण्याआधीच घ्या, कारण नाताळ जवळ आला की फादरांना वेळ मिळत नाही.