पोरंबाळं असलेल्या घरात भिंती रंगवताय? या चुका टाळा

दसरा तोंडावर आला की माझा फोन वाजायला लागतो आणि पलीकडून तेच रडगाणं, "अहो वॉशेबल रंग घेतला होता, चांगला महागातला, पोराने क्रेयॉन ओढले म्हणून ओलं फडकं मारलं तर रंगच हातात आला." गेली सोळा-सतरा वर्षं पुण्यात धनकवडीपासून कोथरूडपर्यंत फ्लॅटची रंगकामं घेतोय, बहुतेक वेळा डब्याचा काहीच दोष नसतो. रंगाखाली काय होतं ते कुणी बघितलेलंच नसतं. शेड कार्ड घेऊन तीन रविवार भांडतील, पण भिंतीला हात लावून बघणार नाहीत.

जुन्या डिस्टेंपरवर थेट इमल्शन

ही माझी सगळ्यात नावडती चूक, कारण मी स्वतः केलीय. २०१५ ची गोष्ट, ताईचा वडगाव बुद्रुकचा फ्लॅट, भाचा तीन वर्षांचा, दिवाळीला बारा दिवस राहिलेले. भिंतींवर जुना डिस्टेंपर होता, म्हणजे तो खडूचा स्वस्तातला रंग. वर मारायचं होतं इमल्शन, म्हणजे पाण्यात कालवायचा, पुसता येणारा प्लास्टिक रंग. पेंटर म्हणाला, दादा खरवडत बसलो तर चार दिवस वाढतील, प्राइमरचा, म्हणजे रंगाखालच्या अस्तराचा, एक हात मारू, वर दोन हात इमल्शन, कुणाला कळतंय. आणि मी, जो दुसऱ्यांना अक्कल शिकवतो, तो मी हो म्हणालो, कारण ताईकडे पाहुणे यायचे होते आणि पेंटरला गावाला जायचं होतं.

भाऊबीजेला गेलो. हॉल चकाचक. जेवताना भाच्याने आमटीची वाटी उडवली, ताईने ओला नॅपकिन फिरवला, आणि चपातीएवढा पापुद्रा अलगद सुटून खाली लोंबायला लागला. मागच्या बाजूला पांढरी भुकटी. कुणी काही बोललं नाही. मग ओवाळताना ताई म्हणाली, "आता भिंतीचं पण काहीतरी टाक ताटात." टाकलं. दिवाळीनंतर अख्खा हॉल खरवडून नव्याने केला, दहा दिवस गेले आणि पैसे माझे.

झालं काय होतं, तर डिस्टेंपरमध्ये खडू जास्त आणि त्याला धरून ठेवणारा चिकट माल कमी. काही वर्षांनी तो भुकटी सोडायला लागतो. त्यावर मारलेलं इमल्शन त्या भुकटीला चिकटतं, भिंतीला नाही. कोरडं असेपर्यंत दिसतं छान, पण पाणी लागलं आणि घासलं की वरचा पडदा भुकटीसकट येतो. म्हणजे रंग जितका धुण्यासारखा, तितका तो उघडा पडायची शक्यता जास्त, कारण तुम्ही तो धुणारच!

आता मी काम घ्यायच्या आधी दोनच गोष्टी करतो. काळं फडकं ओलं करून भिंतीवर जोरात फिरवायचं, पांढरं आलं की खरवडायचंच. मग सेलोटेप घट्ट दाबून चिकटवायची आणि झटक्यात ओढायची, टेपला रंगाचे कपचे आले तरी खरवडायचंच. खरवडायच्या आधी भिंतीवर पाणी मारलं की खरवडायचा पत्रा सोपा चालतो आणि धूळही कमी उडते. मग धुऊन, पूर्ण वाळवून, पुट्टीचे (भिंत सपाट करायच्या लुकणाचे) दोन पातळ हात, घासणी, प्राइमर, आणि मग रंग. पुट्टीनंतरचा प्राइमर गाळणारे पेंटर खूप आहेत, तिथे उभं राहा. आणि खडूची पावडर कालवून केलेली स्वस्तातली पुट्टी पोरांच्या खोलीत चालवून घेऊ नका, तीन चाकी सायकलचं हँडल लागलं की खड्डा पडतो, व्हाइट सिमेंटची पुट्टी घ्या.

एक गंभीर गोष्ट इथेच सांगतो. जुन्या घरात दारं-खिडक्यांना किंवा भिंतीला जुना ऑइल पेंट असेल तर तो कोरडा घासू नका. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) वर नको हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्याआधीच्या रंगात किती असेल ते डब्यालाच माहीत. ती धूळ जमिनीवर बसते, रांगतं पोर हात तोंडात घालतं. ओलं करून घासा, ओल्या फडक्याने पुसून घ्या आणि काम संपेपर्यंत पोराला आजीकडे पाठवा.

रंग लावून आठवड्यात घासणं, आणि काहीही घेऊन घासणं

रंग अर्ध्या तासात हाताला कोरडा लागतो म्हणून लोकांना वाटतं झालं. नाही झालं. इमल्शनचा पापुद्रा आतून पक्का व्हायला तीन-चार आठवडे जातात. तोपर्यंत डाग पडला तर ओल्या मऊ फडक्याने टिपून घ्या, घासायला जाऊ नका. पण इथे कुणाला धीर असतो का, गृहप्रवेशाच्या दुसऱ्या दिवशी स्पंज घेऊन उभे.

त्यात तो पांढरा मॅजिक स्पंज. तो म्हणजे अतिशय बारीक पॉलिश पेपर समजा. मॅट भिंतीवर दोन मिनिटं घासला की डाग जातो आणि त्या जागी चकाकता ठिपका उरतो, जो ट्यूबलाइटखाली डागापेक्षा जास्त दिसतो. मग तो ठिपका घालवायला अजून घासतात. काय बोलणार.

आणि हळद. आमटी, पोह्याचे हात, दृष्ट काढताना सांडलेलं काय काय, आपल्या घरात भिंतीवर हळद येतेच. हळदीच्या डागावर साबण लावला की तो लाल होतो, बायका घाबरून मला फोन करतात की रंगाला रिअ‍ॅक्शन आली. रिअ‍ॅक्शन रंगाला नाही, हळदीला. हळदीत चुना घातला की कुंकू होतं हे आपल्या आज्यांना माहीत होतं, तेच इथे साबण करतो. लगेच साध्या पाण्याने टिपा, आणि उरलेली पिवळी झाक उन्हाने उडते, खिडकीसमोरची भिंत असेल तर काही दिवस पडदा उघडा ठेवा. क्रेयॉन मेणाचा असतो, त्याला कोमट पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, गोल-गोल न रगडता. बॉलपेनवर मात्र थेट रंग मारू नका, शाई वर फुटून येते, आधी त्या जागेपुरता ऑइलवाला प्राइमर लावायचा.

बाकीच्या चुका पटापट सांगतो.

वॉशेबल म्हणजे वॉटरप्रूफ नव्हे. बाथरूमच्या मागच्या भिंतीला ओल असेल, लोणा लागला असेल, म्हणजे ओलीमुळे पांढरा क्षार फुटला असेल, तर आधी प्लंबर बोलवा, रंगवाला नंतर.

पावसाळ्यात पश्चिमेची भिंत आतून रंगवायची घाई नको. पुण्यात दिवाळी झाली की फेब्रुवारीपर्यंत निवांत वेळ असतो, पेंटरही मोकळे असतात, पण सगळ्यांना दसऱ्याच्या आधीच हवं असतं.

नवीन प्लास्टर असेल तर २८ दिवस थांबा.

मॅट छान दिसतो पण पुसायला वाईट, जास्त चकाकी पुसायला छान पण पुट्टीची प्रत्येक लाट दाखवते. मी पोरांच्या खोलीत हलकी चकाकी असलेलं इमल्शन सांगतो, आणि प्राइमरनंतर मोबाइलचा टॉर्च भिंतीला टेकवून तिरका मारून बघतो. जिथे सावली पडते तिथे परत पुट्टी. पेंटर वैतागतात, वैतागू देत.

साडेतीन-चार फुटांपर्यंत वेगळा गडद रंग आणि वर फिका, हे सांगितलं की "शाळेसारखं दिसेल" म्हणतात. अहो, शाळेने ते उगाच केलेलं नाही, पोराचा हात तिथपर्यंतच पोचतो. दोन वर्षांनी फक्त खालचा पट्टा मारायचा. फक्त त्या पट्ट्याला ऑइल पेंट नको, वास राहतो आणि पांढरा असेल तर पिवळा पडतो.

पाणी किती घालायचं ते डब्यावर छापलेलं असतं, पेंटर अंदाजाने घालतो. डब्याचं सील तुमच्यासमोर फोडायला लावा. बऱ्याच डब्यांत पेंटरसाठी कंपनीच्या बक्षिसाचं टोकन असतं हेही लक्षात ठेवा, तो एखाद्या मालाचा फारच आग्रह करत असेल तर थोडं थांबून विचारा.

आणि शेवटचा हात झाला की उरलेला रंग फेकू नका. पुण्यातल्या बोहरी आळीच्या बाजारातून डबे आणा नाहीतर कोपऱ्यावरच्या दुकानातून, मशीनवर कालवलेली शेड पुढच्या वेळी तंतोतंत येईलच असं नाही, म्हणून दोन-तीन डबे लागत असतील तर मोठ्या बादलीत एकत्र करून मगच लावायला घ्या. उरलेला पाणी न घातलेला रंग लोणच्याच्या घट्ट झाकणाच्या बरणीत भरायचा, वर शेडचा नंबर, खोली आणि महिना लिहायचा. फक्त ती बरणी माळ्यावर ठेवा. माझ्या एका गिऱ्हाइकाने स्वयंपाकघराच्या ओट्याखाली ठेवली होती, आणि त्यांच्या मुलीने ती फ्रिजवर वापरली.