उपग्रह चित्रांवरून पाणलोट आराखडा करताय? या चुका टाळा

हाय रिझोल्यूशन इमेज हातात आली की निम्मे काम झाले असे वाटते. बंधारा दिसतो, शेताचा बांध दिसतो, सावलीवरून झाडही ओळखू येते. पण आराखडे बिघडतात ते बहुतेक वेळा इमेज कधीची आहे हे कोणी न पाहिल्याने.

मेळघाटातला सागच घ्या. ऑक्टोबरमध्ये हिरवागार, मार्चमध्ये निष्पर्ण. एका वर्षाचे ऑक्टोबरचे चित्र आणि पाच वर्षांनंतरचे मार्चचे चित्र शेजारी ठेवले की जंगल साफ झाल्याचा अहवाल तयार! तुलना एकाच महिन्याची हवी, आणि त्या दोन्ही वर्षांचा पाऊसही बघायला हवा. गूगल अर्थवर तर एकाच शिवाराचे दोन तुकडे वेगवेगळ्या तारखांचे निघतात. शिवाय त्याच्या स्क्रीनशॉटमध्ये निअर इन्फ्रारेड बँड (डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाची नोंद) नसतो, त्यामुळे त्यावरून एनडीव्हीआय, म्हणजे हिरवाईचा निर्देशांक, निघत नाही, कितीही रंग भरले तरी.

सेंटिनेल-2 या युरोपीय उपग्रहाची चित्रे वापरणाऱ्यांना आणखी एक खोच माहीत हवी. 25 जानेवारी 2022 पासून त्याच्या पिक्सेल मूल्यांत 1000 मिळवलेले असतात. समजा रेड 500 आणि निअर इन्फ्रारेड 3000 आहे, तर एनडीव्हीआय (दोन्हींतला फरक भागिले बेरीज) 0.71 येतो. तीच झाडी नव्या फाइलमध्ये 1500 आणि 4000 अशी दिसते आणि उत्तर येते 0.45. झाडाचे पानही न हलता हिरवाई घटली! आधी 1000 वजा करा, किंवा गूगलच्या अर्थ इंजिन या ऑनलाइन सेवेत 'हार्मोनाइज्ड', म्हणजे हा फरक आधीच काढलेला, संच घ्या.

शेततळी मोजायची असतील तर पिक्सेलचा हिशोब आधी करा. 30 बाय 30 मीटरचे तळे सेंटिनेल-2 च्या 10 मीटरच्या पिक्सेलमध्ये जेमतेम नऊ घरांत बसते. त्यातली काठावरची घरे पाणी आणि माती मिळून बनलेली. निखळ पाण्याचे एखादे सापडले तरी नशीब. इथे रिसोर्ससॅट या भारतीय उपग्रहाच्या लिस-4 कॅमेऱ्याची (5.8 मीटर) किंवा त्याहून बारीक इमेज घ्या. उलट तालुक्याचा पीकपेरा बघायला अर्ध्या मीटरची इमेज मागवणे म्हणजे नुसता खर्च.

सह्याद्रीत डिसेंबरच्या चित्रांत कड्याची सावली पाणी म्हणून मोजली जाते. उपग्रह सकाळी साडेदहा-अकराला जातो, तेव्हा सूर्य आग्नेयेला असतो, म्हणून वायव्येकडचे उतार काळे दिसतात. उताराचा नकाशा वर ठेवा. तीस अंशांच्या उतारावर तळे कसे असेल? ओली काळी मातीही असाच चकवा देते. जलपर्णीने झाकलेला तलाव मात्र उलट शेतासारखा दिसतो.

राहिला यूटीएम झोन, म्हणजे नकाशावर मीटरमध्ये जागा सांगण्यासाठी पृथ्वीचे केलेले उभे पट्टे. महाराष्ट्र 78 अंश रेखांशावर दुभागला आहे : पश्चिमेला 43, पूर्वेला 44. यवतमाळ जिल्हा नेमका या रेषेवर, पुसद 43 मध्ये तर वणी 44 मध्ये. यवतमाळ शहराजवळची शेततळी अरबी समुद्रात तरंगताना दिसली, तर 44 च्या लेयरला (नकाशाच्या थराला) कोणीतरी 43 चे लेबल लावले आहे. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये 'सेट लेयर सीआरएस' (सीआरएस म्हणजे निर्देशांक पद्धत) फक्त लेबल बदलते, त्यामुळे चुकलेले लेबल तिथे दुरुस्त होते. पण लेयर खरोखर दुसऱ्या झोनमध्ये न्यायचा असेल तर 'रीप्रोजेक्ट' वापरून नवी फाइल बनवा.