ज्युनियर मायनिंग शेअर घेताय? या चुका टाळा

सोन्याचा भाव चढला की 'कॅनडातली ही छोटी कंपनी दहापट होणार' अशी टीप घेऊन कुणीतरी दारात उभा राहतोच. ज्युनियर कंपनी म्हणजे जिच्याकडे ना खाण, ना विक्री, ना नफा. असतो तो एखाद्या जमिनीवर खनिज शोधण्याचा हक्क, दोन-चार भूवैज्ञानिक आणि बँकेत थोडी रोकड. टोरांटोचं व्हेंचर एक्सचेंज आणि ऑस्ट्रेलियाचा शेअर बाजार हे यांचे मोठे अड्डे. पी/ई, म्हणजे भाव नफ्याच्या कितीपट आहे ते, बघून शेअर घेणाऱ्यांचं इथे काहीच काम नाही. बाकीच्यांनी यावं, पण त्याच त्या चुका बघून आता वीट आलाय, म्हणून लिहितोय.

मथळा वाचला आणि शेअर घेतला

ही सगळ्यांची लाडकी चूक. ओळखीतला एक मुलगा, टोरांटोला आयटीत आहे. एका कंपनीच्या बोअरच्या निकालाची बातमी आली: '30 मीटर, टनाला 5 ग्रॅम सोनं'. त्याने तिथल्या तिथे शेअर घेतले आणि मग मला बातमी पाठवली. मी म्हटलं, खाली तक्ता आहे तो वाच. तक्त्यात बारीक अक्षरांत होतं: 'यापैकी 1 मीटर, टनाला 140 ग्रॅम'.

आता हिशेब करा. 30 गुणिले 5 म्हणजे 150. त्यातले 140 एकट्या एका मीटरने खाल्ले. उरले 10, ते 29 मीटरमध्ये वाटायचे. म्हणजे टनाला जेमतेम 0.34 ग्रॅम. भूमिगत खाणीसाठी हा निव्वळ दगड. उघड्या खाणीतही इतक्या हलक्या मालावर निभावायचं तर तो अफाट आणि स्वस्तात निघणारा हवा. कंपनी खोटं बोलली नव्हती, सरासरी अचूक होती. त्याच तक्त्याखाली आणखी एक ओळ होती: 'खरी जाडी अद्याप ठरलेली नाही'. भिंतीत तिरका ड्रिल मारला तर भोक भिंतीच्या जाडीपेक्षा लांब निघणारच, बोअरचंही तसंच. सोन्याच्या शिरेच्या कडेकडेने बोअर उतरली तर 4 मीटरची शीर कागदावर 30 मीटरची होते.

हे सगळं सांगितल्यावर उत्तर काय? 'काका, भाव वर चाललाय, तुम्ही आकडेमोड काय करत बसलात!' उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. पुढच्या बोअरचे निकाल फुसके निघाले, भाव निम्म्यावर आला आणि त्याच पडलेल्या भावात कंपनीने नवे शेअर काढले.

माझी सवय साधी आहे. तक्ता छापून घेतो, 'यापैकी' म्हणून दाखवलेला तुकडा पेन्सिलीने वजा करतो आणि उरलेल्याची सरासरी समासात लिहितो. बोअरचा उभा छेद दाखवणारं चित्र बातमीत नसेल तर ती बातमी बाजूला.

शेअर किती आहेत ते न बघणे

'20 सेंटला मिळतोय, स्वस्त आहे' हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. 6 कोटी शेअर असलेली कंपनी 20 सेंटला म्हणजे अख्ख्या कंपनीची किंमत 1.2 कोटी डॉलर. 60 कोटी शेअर असतील तर 12 कोटी. विक्री नाही, तेव्हा पगार, बोअर, प्रयोगशाळा, प्रदर्शनातला स्टॉल, सगळं नवे शेअर विकूनच भागवायचं. 6 कोटींचे 18 कोटी शेअर झाले की सोनं तेवढंच, तुमचा वाटा एक तृतीयांश.

त्यात वॉरंटची मेख असते. खासगी विक्रीत शेअर घेणाऱ्याला सोबत ठरलेल्या भावाने आणखी शेअर घेण्याचा हक्क फुकट मिळतो. कॅनडात असे शेअर सहसा चार महिने विकता येत नाहीत. मुदत संपली की ही मंडळी शेअर बाजारात ओततात आणि वॉरंट ठेवून घेतात. म्हणून मी कंपनीचं चकाचक सादरीकरण उघडतच नाही. आधी सेडार प्लस या कॅनडातल्या कंपन्यांची कागदपत्रं ठेवणाऱ्या सरकारी संकेतस्थळावर जाऊन आर्थिक पत्रकातली शेअर भांडवलाची टीप वाचतो: वॉरंट आणि ऑप्शन (संचालक-कर्मचाऱ्यांना ठरलेल्या भावाने शेअर घेण्याचा दिलेला हक्क) धरून एकूण शेअर किती, शेवटची विक्री कोणत्या भावाने झाली, रोकड किती महिने पुरेल. मग खर्च. जमिनीत बोअर मारण्यापेक्षा ऑफिस आणि प्रसिद्धीवर जास्त पैसा जात असेल तर तो माझ्या लेखी शेअर छापायचा कारखाना.

'जमिनीत इतक्या अब्जांचं सोनं आहे'

औंस गुणिले भाव हा गुणाकार कंपनीने जाहीर करायला कॅनडाच्या एनआय 43-101 नियमात, म्हणजे खनिज कंपन्यांनी काय आणि कसं जाहीर करावं त्या नियमात, मनाई आहे. तरी व्हॉट्सॲपवर फिरतोच. 'इन्फर्ड' साठा म्हणजे मोजक्या बोअरवरून बांधलेला अंदाज, 'रिझर्व्ह' म्हणजे खर्च वजा जाता काढणं परवडेल असं अभ्यासाने दाखवलेला. दोन्हींची बेरीज करणाऱ्याशी मी वाद घालत नाही.

हा नियम 2001 मध्ये आला तो ब्रे-एक्सच्या धक्क्यानंतर. कॅलगरीच्या या कंपनीने इंडोनेशियातल्या बुसांगमध्ये प्रचंड सोनं सापडल्याचं सांगितलं आणि तिचं बाजारमूल्य 600 कोटी कॅनडियन डॉलरच्या वर गेलं. मार्च 1997 मध्ये फ्रीपोर्ट या अमेरिकन खाण कंपनीने शेजारीच बोअर मारून पाहिल्या, तर सोनं नगण्य. मे महिन्यात स्वतंत्र तपासणीत नमुन्यांत बाहेरून सोनं मिसळल्याचं उघड झालं. रीत अशी की कोअर, म्हणजे बोअरमधून निघालेला दगडाचा दांडा, उभी चिरायची, अर्धी प्रयोगशाळेला आणि अर्धी पेटीत. इथे जवळपास सगळी कोअर दळून टाकलेली, फेरतपासणीला अर्धी उरलीच नाही. म्हणून अहवालात नमुने आणि प्रयोगशाळेची परीक्षा घ्यायला घातलेले कोरे (सोनं नसलेले) व ज्ञात प्रतीचे नमुने यांवरचा भाग मी आधी वाचतो. रटाळ असतो. तरी वाचा.

थोडक्यात आणखी काही

शेजारच्या कंपनीला सोनं लागलं म्हणून हिलाही लागेल, ही आशा झाली, भूशास्त्र नव्हे.

हाताने वेचलेल्या दगडांचे निकाल वाचून शेअर घेऊ नका. वेचणारा चमकणाराच दगड उचलतो.

परवाना आणि स्थानिकांचा विरोध शेवटी बघायची गोष्ट नाही. रोमानियातल्या रोशिया मोंताना इथे सोनं खरंच आहे, पण गॅब्रिएल रिसोर्सेसची खाण सुरू झाली नाही आणि 2024 मध्ये कंपनी लवादातही हरली.

संचालकांनी स्वतःच्या खिशातून शेअर घेतलेत का ते बघा. ऑप्शन फुकटचे, ते मोजू नका.

आणि रोज किती शेअरची उलाढाल होते ते घेण्याआधी पाहा. बाजारभावाने ऑर्डर टाकू नका, मर्यादा घालूनच टाका. वाईट बातमीच्या दिवशी पलीकडे घेणारा कुणी नसतो.