पीटीच्या तासाचं कोडिंग: मी कुठे आपटलो

डेझर्टेशनसाठी पीटीचे शिक्षक मुलांशी कसे वागतात-बोलतात ते मोजायचं ठरलं तेव्हा वाटलं सोप्पंय, ग्राउंडच्या कडेला बसायचं नि टिपायचं. हातात फ्लँडर्सचं शेड्यूल होतं, म्हणजे वर्गातलं बोलणं आकड्यांत टिपायचा (कोडिंगचा) तक्ता, 10 कॅटेगरी, त्यातल्या 7 शिक्षकाच्या बोलण्याच्या, 2 मुलांच्या, आणि 10 नंबर म्हणजे शांतता किंवा गोंधळ. दर 3 सेकंदांनी एक आकडा, म्हणजे मिनिटाला 20. पहिल्या तासाचं शीट बघितलं तर पानभर 10, 10, 10! माझ्या डेटानुसार ग्राउंडवर काही घडतच नव्हतं, आणि प्रत्यक्षात मुलं ड्रिबल करत होती, सर एकाचा कोपर धरून सरळ करत होते, लांबूनच दुसऱ्याला अंगठा दाखवत होते.

चूक फ्लँडर्सची नाही, ते वर्गातल्या बोलण्यासाठीच बनवलंय. पीटीसाठी जॉन शेफर्सनी 1970च्या दशकात त्याचंच वाढवलेलं रूप केलं, कॅफियास. त्यात शाब्दिक कोडला बिनशब्दांचा जोडीदार असतो, तोंडाने कौतुक केलं तर 2, नुसती मान डोलावली तर 12, सूचना बोलून दिली तर 6, बोट दाखवून दिली तर 16. शिवाय शिकवतंय कोण, शिक्षक की दुसरा विद्यार्थी, हेही नोंदवता येतं. कोड मात्र झोपेत विचारले तरी सांगता यायला हवेत, तक्ता बघत बसलात की 3 सेकंद गेलेच म्हणून समजा.

लाइव्ह कोडिंगच्या भानगडीत सुरुवातीला पडू नका, परवानगी काढून व्हिडिओ घ्या, आणि माइक शिक्षकाच्या कॉलरला लावा. माझे दोन तास नुसत्या वाऱ्याच्या आवाजात गेले. पहिल्या एकदोन भेटींचा डेटा धरू नका, कॅमेरा दिसला की सगळेच जास्त गोड बोलतात 😄

दुसरा कोडर, म्हणजे तोच तास स्वतंत्रपणे टिपणारा दुसरा माणूस, लागतोच. आमचं टक्केवारीत मस्त जुळायचं, मग लक्षात आलं की निम्मा तास 6च आहे, दोघांनी डोळे मिटून 6 लिहिलं तरी बऱ्यापैकी जुळणार. म्हणून कप्पा (kappa, दोन कोडर किती जुळतात याचं संख्याशास्त्रातलं माप) काढा, योगायोगाने जुळलेलं त्यात वजा होतं.

अजून एक, सवयीने दर मिनिटाला "गुड, गुड" म्हणणारे सर आणि "आता गुडघा नीट वाकला" म्हणणारे सर, दोघांनाही 2च मिळतो. मी शीटच्या कडेला पेन्सिलने शब्द लिहून ठेवायला लागलो, व्हायवात अर्धे प्रश्न त्याच्यावरच आले.