पाळी जाताना अंगातून वाफा येतात? हे करून बघा

सलग 12 महिने पाळी आली नाही की मेनोपॉज झाला असं धरतात, साधारण 45 ते 55 या वयात, आणि सुश्रुतसंहितेतही रजोनिवृत्तीचं वय 50 च सांगितलंय. आयुर्वेद म्हणतो की या वयात वात वाढायला लागतो, म्हणून झोप उडते, त्वचा कोरडी पडते, सांधे कुरकुरतात, आणि अंगातून वाफा येतात तो पित्ताचा भाग.

माझ्या मते सुरुवात औषधाने नकोच, अभ्यंगाने करा. तिळाचं तेल कोमट करा, हातापायांवर लांब हात फिरवा, सांध्यांवर गोल, तळपायाला जरा जास्त वेळ द्या, मग 15-20 मिनिटांनी कोमट पाण्याने आंघोळ. फार गरम होत असेल तर तिळाऐवजी खोबरेल घ्या, ते थंड असतं.

तिखट, आंबट, चहा-कॉफी रात्री तरी बंदच करा, जेवण लवकर उरका. झोपताना सुती कपडे, आणि वाफ आली की घाबरून न जाता हळूहळू लांब श्वास सोडत राहायचं, ती काही मिनिटांत ओसरते.

शतावरी, अश्वगंधा मनाने सुरू करू नका गं बायांनो, वैद्यांना विचारूनच घ्या. थायरॉईडची गोळी चालू असेल, लिव्हरचा त्रास असेल किंवा ब्रेस्ट कॅन्सर होऊन गेला असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. आणि पाळी वर्षभर बंद होऊन परत थोडंसं जरी रक्त दिसलं तरी घरगुती उपाय करत बसू नका, लगेच दाखवा.