आयपीसचा आयकप नेमका किती उंच ठेवायचा?

दुर्बीण चंद्रावर लावली आहे, फोकसही बरोबर आहे, तरी डोकं जरा हललं की चित्रावरून काजूच्या आकाराची काळी सावली सरकत जाते. कधी याच्या उलट होतं: चंद्र छान दिसतो, पण दृश्याची गोल कड काही केल्या नजरेत येत नाही. मग आयपीसला, म्हणजे दुर्बिणीला डोळा लावायच्या भिंगांच्या नळीला, नावं ठेवली जातात आणि नवा घ्यायचे बेत सुरू होतात. त्याआधी आयपीसच्या तोंडावरच्या रबरी कपाकडे, म्हणजे आयकपाकडे, नीट पाहावं. पुष्कळदा तो चुकीच्या उंचीवर असतो, एवढंच.

आयपीसमधून बाहेर पडणारे सगळे किरण वरच्या भिंगापासून काही मिलिमीटरवर एका छोट्या गोल चकतीतून जातात. ही चकती म्हणजे एक्झिट प्युपिल. भिंगापासून तिच्यापर्यंतचं अंतर म्हणजे आय रिलीफ. डोळ्याची बाहुली बरोबर या चकतीवर आली की दृश्य कडेपर्यंत उजळ दिसतं. डोळा त्याहून पुढे घुसला तर काळ्या सावल्या नाचतात, मागे राहिला तर कड कापली जाते. बाजूचा उजेड अडवणं हे आयकपाचं काम आहेच, पण त्याहून मोठं काम म्हणजे बाहुली योग्य अंतरावर टेकवून धरणं.

छापील आकडा आणि हाती येणारा आकडा

आय रिलीफचा जो आकडा दिलेला असतो, तो सहसा भिंगाच्या पृष्ठभागापासून मोजलेला असतो. भिंग मात्र धातूच्या कडेच्या आत खोलगट बसवलेलं असतं आणि त्या कडेवर रबर. त्यामुळे 20 मिलिमीटर लिहिलेल्या आयपीसमध्ये रबर पूर्ण खाली केल्यावरही चारपाच मिलिमीटर आतल्या आत खर्ची पडू शकतात. चष्मा लावून पाहणाऱ्याला हेच चारपाच मिलिमीटर नडतात.

प्लॉसल या साध्या, नेहमीच्या जातीच्या आयपीसचा आय रिलीफ फोकल लेंग्थच्या (आयपीसवर छापलेल्या मिलिमीटरच्या आकड्याच्या) साधारण 0.7 पट धरावा. म्हणजे 25 मिलिमीटरच्या प्लॉसलला सुमारे 17, 10 मिलिमीटरच्या प्लॉसलला 7 आणि 6 मिलिमीटरच्याला जेमतेम 4. शेवटच्या दोघांत पापण्या भिंगाला घासणारच, तिथे कप वर करण्याचा प्रश्नच येत नाही. उलट 32 आणि 40 मिलिमीटरच्या प्लॉसलमध्ये चकती इतकी बाहेर पडते की नेहमीचा कप आखूड पडतो आणि डोळा अधांतरी राहतो. टेलिव्ह्यू कंपनी आपल्या याच दोन प्लॉसलसाठी कपाची उंची वाढवणारी वेगळी कडी विकते, ती याच कारणाने. पेंटॅक्स एक्सडब्ल्यू किंवा टेलिव्ह्यू डेलोससारख्या मालिकांत सगळ्या फोकल लेंग्थना 20 मिलिमीटरच्या आसपास आय रिलीफ ठेवलेला आहे. म्हणूनच त्यांना वरखाली होणारे कप दिलेले असतात. चष्मा न लावणाऱ्याने असा कप खालीच ठेवला तर डोळा फार आत जातो आणि सावल्या हमखास येतात.

आधी चकती शोधा

अंदाजाने कप फिरवत बसण्यापेक्षा चकतीची जागा एकदा मोजून ठेवलेली बरी. हे दिवसा करावं. दुर्बीण सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेच्या मोकळ्या आकाशाकडे किंवा सावलीतल्या पांढऱ्या भिंतीकडे वळवा. सूर्य दुर्बिणीच्या तोंडात कुठल्याही कारणाने येणार नाही अशी जागा निवडा आणि फाइंडरला, म्हणजे दुर्बिणीवरच्या छोट्या शोधक दुर्बिणीला, टोपण लावून ठेवा. दुर्बिणीतून एक क्षण सूर्य दिसला तरी डोळा कायमचा जाऊ शकतो, त्यामुळे इथे आळस नको.

1. दूरच्या एखाद्या वस्तूवर फोकस करून घ्या आणि मग दुर्बीण आकाशाकडे न्या.
2. कप पूर्ण खाली करा. घडीचा असेल तर दुमडा.
3. ट्रेसिंग पेपरचा किंवा बटर पेपरचा तुकडा आयपीससमोर धरून हळूहळू मागेपुढे करा. भिंगाजवळ एक धूसर उजेडाचा डाग दिसेल. कागद मागे नेत गेलात की तो आक्रसतो, एका ठिकाणी त्याची कड एकदम रेखीव होते आणि त्यापुढे तो पुन्हा पसरू लागतो. रेखीव कडेची जागा ती चकतीची.
4. कपाच्या वरच्या कडेपासून कागदापर्यंतचं अंतर पट्टीने मोजा. पट्टी बाहेरच्या बाजूने लावा, भिंगाला टेकवू नका.

चकतीचा आकारही पाहून घ्या. आयपीसच्या फोकल लेंग्थला दुर्बिणीच्या एफ क्रमांकाने (दुर्बिणीची फोकल लेंग्थ भागिले तिच्या तोंडाचा व्यास) भागलं की तो मिळतो. एफ/5 दुर्बिणीत 25 मिलिमीटरचा आयपीस 5 मिलिमीटरची चकती देतो. एफ/8 दुर्बिणीत 10 मिलिमीटरचा आयपीस 1.25 मिलिमीटरची. कागदावरचा डाग याच्याशी जुळला तर मोजमाप बरोबर आहे.

आता डोळ्याच्या बाजूचा हिशोब. बाहुली डोळ्याच्या पुढच्या पृष्ठभागापासून सुमारे 3 मिलिमीटर आत असते. चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण 12 ते 14 मिलिमीटर पुढे बसते आणि काचेच्या जाडीचे एकदोन मिलिमीटर वेगळे. बेरीज 16 ते 19 होते. म्हणजे चष्मेवाल्याला मोजलेलं अंतर निदान तेवढं भरलं पाहिजे. चष्म्याशिवाय पाहणाऱ्याने कपाच्या कडेपासून चकतीपर्यंत 5 ते 10 मिलिमीटर अंतर ठेवून सुरुवात करावी. डोळे खोल असतील तर अंतर जास्त लागेल, म्हणजे कप खाली. वर आलेले असतील तर कप वर.

कप बसवताना

कप कोणत्या प्रकारचा आहे त्यावर हाताची पद्धत ठरते. दुमडायचा साधा रबरी कप दोनच उंचींवर राहतो: वर किंवा खाली. अर्धवट दुमडून मधली उंची मिळवायचा प्रयत्न केला तर तो पाहता पाहता टपकन उघडतो. फिरवून वर येणाऱ्या कपाला थांबे असतात. तो फिरवताना दुसऱ्या हाताने आयपीसचं खालचं अंग धरा, नाहीतर कप राहतो जागेवर आणि आयपीसच फोकसरमध्ये, म्हणजे तो बसवलेल्या फोकसच्या नळीत, फिरतो किंवा खालची नळी सुटू लागते. शेवटच्या थांब्यापुढे जोर लावू नका. सरकवायच्या कपाला कधी बारीक स्क्रू असतो, तो सैल करून उंची ठरवावी आणि बोटाने लागेल इतकाच आवळावा.

मांडणीची सगळ्यात चांगली वेळ संध्याकाळची, सूर्य पूर्ण मावळल्यावर आकाशात उजेड असेल तेव्हाची. अंधाऱ्या आकाशात दृश्याची कडच दिसत नाही, मग कड कापली जाते की नाही हे कळणार कसं? उजेडात बाहुली लहान असते, त्यामुळे जागेतली चूकही लगेच उघडी पडते. संध्याकाळी जमलेली उंची रात्री, बाहुली मोठी झाल्यावर, जास्तच सोयीची वाटते. पूर्ण चंद्र तेजस्वी असल्याने बाहुली रात्रीही आक्रसते. रात्री इतर वेळी न दिसणाऱ्या सावल्या चंद्र पाहतानाच दिसतात, त्या यामुळे.

कप खालीच ठेवून सुरुवात करा. डोळा लांबून सावकाश जवळ आणा. दृश्य आधी लहान दिसतं, मग मोठं होत जातं आणि एका क्षणी कड सगळीकडून एकदम स्पष्ट होते. तिथे थांबा, डोकं न हलवता कप वर आणा आणि भुवईच्या हाडाला हलका स्पर्श झाला की सोडून द्या. आता डोकं उचलून पुन्हा टेकवा, न शोधता. तीनचार वेळा टेकवल्यावर प्रत्येक वेळी पूर्ण कड दिसली तर उंची जमली. सावली आली तर कप दोन मिलिमीटर वर, कड कापली गेली तर दोन मिलिमीटर खाली. सोय आधी पाहून अंतर नंतर पाहणारे इथे चुकतात. कप मऊ लागतो म्हणून त्यावर डोकं रेलून बसलं की रबर दबतं, डोळा आत जातो आणि दुर्बीणही थरथरते. कपाने डोळ्याला फक्त जागा दाखवावी, डोक्याचं वजन त्यावर नको.

जमलेल्या उंचीवर कपाच्या अंगावर रंगाचा बारीक ठिपका द्या. अंधारात बोटाला लागावा म्हणून त्याच जागी पातळ टेपची चिकटपट्टी लावली तर आणखी उत्तम.

चष्मा लावायचा की काढायचा?

साधा मायनस किंवा प्लस नंबर असेल तर चष्मा काढावा. तेवढी दुरुस्ती फोकसची चक्री करते. प्रश्न सिलिंड्रिकल नंबरचा, म्हणजे डोळ्याची वक्रता सगळ्या दिशांना सारखी नसण्याचा. तो फोकसने जात नाही. पण त्याचा त्रास चकतीच्या आकारावर अवलंबून असतो. चकती 1 मिलिमीटर किंवा त्याहून लहान असताना बाहुलीचा अगदी मधला भागच वापरला जातो आणि सिलिंडर बहुधा जाणवत नाही. म्हणून मोठ्या वर्धनाला चष्मा काढून पाहता येतं आणि 4-5 मिलिमीटरच्या चकतीला तारे लांबट दिसू लागतात. ताऱ्याचा लांबटपणा डोळ्याचा की आयपीसचा, हे ओळखायला डोकं वाकडं करून पाहा. लांबटपणा डोक्याबरोबर फिरला तर तो डोळ्याचा. डोकं स्थिर ठेवून आयपीस फिरवल्यावर फिरला तर आयपीसचा.

चष्मा ठेवणं भाग असेल तर कप पूर्ण खाली करा, पण रबर काढून टाकू नका. धातूच्या कड्याला काच घासली की चरे पडतात. प्रोग्रेसिव्ह चष्म्यात लांबचं पाहण्याचा भाग वर असतो आणि डायगोनलमध्ये (किरण वळवून आयपीस वरच्या बाजूला आणणाऱ्या जोडणीत) मान वाकवून पाहताना नजर नकळत खालच्या भागातून जाते. रोज दुर्बीण वापरणाऱ्याने फक्त लांबच्या नंबरचा वेगळा चष्मा करून घेतलेला बरा. टेलिव्ह्यूच्या काही आयपीसवर डायऑप्ट्रिक्स नावाचं सिलिंडर दुरुस्त करणारं भिंग बसतं. ते लावलं की चष्म्याची गरज उरत नाही.

कप बिनसतो तेव्हा

सरकता कप दाबाने खाली बसत असेल तर आतल्या नळीवर इलेक्ट्रिकल टेपचा एक वेढा द्या, घर्षण वाढतं. कप आखूड पडत असेल तर रबराखाली 2-3 मिलिमीटर जाडीची ओ-रिंग घाला. दोन रिंगा घातल्या की उंची तितकी वाढते. अगदीच मूळ कप हरवला असेल तर सायकलच्या ट्यूबचा, आयपीसच्या घेरावर ताणून बसेल असा तुकडा कापून चढवा. आधी लांब कापावा आणि मग पाहत पाहत कमी करावा.

बार्लो, म्हणजे वर्धन वाढवणारं जोडभिंग, लावल्यावर जुनी उंची चालेनाशी होते. बार्लो चकतीला आणखी बाहेर ढकलतो, लांब फोकल लेंग्थच्या प्लॉसलमध्ये तर खूपच. तिथे कप वर करावा लागतो. टेलिव्ह्यू पॉवरमेटसारख्या टेलिसेंट्रिक, म्हणजे किरण न पसरवता वर्धन वाढवणाऱ्या, वर्धकाने तेवढा फरक पडत नाही.

थंड रात्री भिंगावर वाफ धरते. उंच कप डोळ्याभोवती घट्ट बसला की आतली ओली हवा अडकून राहते आणि थंड भिंगावर जमते. कप किंचित खाली करून हवेला फट द्या आणि श्वास बाजूला सोडा. भिंग कपड्याने पुसू नका, वाफ आपोआप जाते. पापण्यांचं तेल लागलं असेल तर घरी गेल्यावर भिंगांच्या द्रावणाने काढा.

एका बाजूला पंख असलेला कप डोळ्याच्या बाहेरच्या, कानाकडच्या कोपऱ्यात आला पाहिजे. न्यूटोनियन दुर्बिणीत आयपीस बाजूला असतो आणि दुर्बीण वळेल तशी डोक्याची दिशा बदलते, त्यामुळे पंख दरवेळी फिरवावा लागतो. कंटाळा येत असेल तर तिथे गोल कपच वापरावा. दोन डोळ्यांच्या बायनोव्ह्यूअरमध्ये दोन्ही कप एकाच थांब्यावर हवेत आणि आधी दोन आयपीसमधलं अंतर जुळवून मगच उंचीला हात लावावा. अंतर चुकलं तरी सावल्या अगदी तशाच येतात आणि दोष उगाच कपांवर जातो.

रबर साध्या पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवावं. पेट्रोलियम जेली किंवा मशीन ऑइल लावू नये, रबर फुगतं आणि पुढे चिरतं. दुमडून महिनोन्‌महिने ठेवलेला कप घडीच्या रेषेवरच फाटतो, म्हणून पेटीत ठेवताना तो उघडून ठेवा. फिरवायचा कप मात्र खाली करूनच ठेवावा, कारण वर असताना धुळीचं टोपण नीट बसत नाही आणि पेटीत निघून पडतं.